दिवाळीपासून तिसरा एसएमपीएस उडाला, आता मदरबोर्ड बदलू का?

गाळा नं. ७:
नमस्कार मंडळी. एसटी स्टँडसमोरच्या कॉम्प्लेक्समध्ये माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवाळीपासून तीन एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या डब्यातला पॉवर सप्लाय) गेले. पहिला कॉम्प्युटरबरोबर आलेला, पाच वर्षं चालला म्हणून त्याचं काही वाटलं नाही, दुसरा दीड महिना टिकला आणि तिसरा फक्त ११ दिवस. दर वेळी तेच, फट्ट आवाज, जळका वास आणि एमसीबी खाली. मागच्या वेळी तर फॉर्मची शेवटची तारीख होती, दुकानात आठ-दहा पोरं उभी, काय अवस्था झाली असेल समजून घ्या. दुरुस्तीवाला म्हणतो मदरबोर्ड लोड घेतोय, बोर्ड बदला, पण बोर्ड जुन्या डीडीआर३ रॅमचा, तो बदलला की प्रोसेसर रॅम सगळंच आलं. स्पाइक गार्ड आहे. यूपीएसची बॅटरी बसली म्हणून तो दिवाळीत काढून ठेवलाय. खरंच बोर्ड असेल का?

असेंबलवाला:
कितीला घेतलास? साडेसातशे रुपयांत ४५० वॅट येत नाही भाऊ, ते ४५० फक्त स्टिकरवर असतं. हातात घेऊन बघ, रिकाम्या डब्यासारखा हलका लागेल. आत फिल्टरच्या कॉइलच्या जागी सरळ वायरचा तुकडा मारलेला असतो. लेबलवर १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं, एकूण वॅटवर जायचं नाही. ब्रँडेड, ८० प्लस सर्टिफिकेटवाला (वीज कमी वाया घालवणारा) घे आणि विषय संपव.

रात्रपाळी:
विषय संपेल असं वाटत नाही. बोर्ड शॉर्ट असेल तर बहुतेक वेळा एसएमपीएस चालूच होत नाही, पंखा एक झटका मारतो आणि बंद. फट्ट होऊन एमसीबी पडतोय म्हणजे लाइटीकडची बाजू उडालीय, मोठे कॅपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे), ब्रिज (एसीचं डीसी करणारा) वगैरे. अगदी भंगार माल शॉर्टवरही उडतो म्हणा, पण लागोपाठ? एक कर, कोणाचा तरी चालू एसएमपीएस मागून आण, कॅबिनेट घरी ने आणि दोन-तीन दिवस तिकडे चालव. घरी चालला तर बोर्ड सुटला. आणि जुना उघडणार असशील तर लगेच हात घालू नको, प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट बसलेले असू शकतात. मी खाल्लाय तो झटका, हातातला स्क्रू ड्रायव्हर कुठे उडाला ते अजून सापडलं नाही.

निवृत्त वायरमन:
एक सांगा, दुकानात बाकी काय काय गेलं? एलईडी, चार्जर, राउटरचा अडॅप्टर? आणि शेजाऱ्यांचं?

गाळा नं. ७:
तुम्ही विचारल्यावर आत्ता ट्यूब पेटली काका. दोन एलईडी आणि वायफायचा अडॅप्टर गेला, मला वाटलं चायना माल. शेजारचा मोबाइलवाला पण चार्जर गेले म्हणून बोंबलत होता. आणि पलीकडच्या ज्यूसवाल्याने मिक्सर लावला की माझा पंखा जोरात फिरतो, आम्ही त्यावर हसायचो!

निवृत्त वायरमन:
हसू नका, न्यूट्रल (वीज परत जायची वायर) लूज दिसतोय. तुमच्या कॉम्प्लेक्सला थ्री फेज आलेली असणार, काही गाळे एका फेजवर, काही दुसऱ्या, आणि न्यूट्रल सगळ्यांचा मिळून एक. तो एक सांधा ढिला झाला की तुमचा गाळा आणि ज्यूसवाला हे दोन फेजच्या मधल्या ४०० व्होल्टवर एकामागे एक लटकतात, आणि ज्याचा लोड कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येतं. त्याचा मिक्सर, फ्रीज, तुमचा एक कॉम्प्युटर आणि पंखा, म्हणजे मार तुम्हालाच. स्पाइक गार्ड इथे कामाचा नाही, तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, तासभर चढून बसलेल्या व्होल्टेजला तो काय करणार, उलट स्वतःच जळेल. मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवून दुपारी आणि संध्याकाळी मोजा. कॉम्प्युटरची पिन काढून.

गाळा नं. ७:
दुपारी २३८. संध्याकाळी ७ ला २७१ आणि मिक्सर सुरू झाल्यावर २८६!! घाबरून मेन पाडला आणि घरी आलो.

असेंबलवाला:
बाप रे. २८६ म्हणजे आत डीसी होऊन ४०० च्या वर जातं. या स्वस्तवाल्यांत २०० व्होल्टचे दोन कॅपॅसिटर सिरीजमध्ये असतात, म्हणजे त्यांची हद्दच ४००. ब्रँडेडवरही साधारण २४० च लिहिलेलं असतं, ते थोडं जास्त सोसतात पण रोज २८६ नाही. ब्रँडेड घे म्हणालो होतो ते तूर्त मागे घेतो, तोही गेला असता.

निवृत्त वायरमन:
मेन बंदच ठेवा, शेजाऱ्यांनाही सांगा. स्वतः पॅनेल उघडू नका. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, कॉमन मीटर पॅनेलमधली न्यूट्रल लिंक (सगळे न्यूट्रल जोडायची पट्टी) बघायला सांगा. तिथे ठीक असेल तर दोष खांबावर, मग वीज कंपनीकडे तक्रार द्यायची.

गाळा नं. ७:
अपडेट. पॅनेलमधल्या न्यूट्रल लिंकचा बोल्ट काळा पडला होता, प्लॅस्टिक वितळलेलं. बदलला. आता मिक्सर चालू असताना २३३ येतं. कॅबिनेट चार दिवस घरी मित्राच्या एसएमपीएसवर चालवला, काहीही झालं नाही, म्हणजे बोर्डाचे पैसे वाचले. यूपीएसला नवी बॅटरी टाकतोय आणि इलेक्ट्रिशियनने ओव्हर व्होल्टेजला कट मारणारं एक यंत्र सुचवलंय, ते सगळे गाळे मिळून घेणार आहोत (ज्यूसवाला सोडून, तो म्हणतो माझं काय गेलं?). अजून एक, कॅबिनेटला हात लावला की हलक्या मुंग्या येतात, त्या अजून येतात. तो पण यातलाच प्रकार का?

निवृत्त वायरमन:
नाही, ते अर्थिंग. भिंतीवरच्या स्विचबोर्डातल्या थ्री पिनच्या वरच्या मोठ्या भोकाला वायर जोडलेलीच नसेल. तो इलेक्ट्रिशियन अजून तिथे आहे का? असेल तर जाऊ देऊ नका.