मजुरीचा कोड दोन फाइलीत केला, मेनू येतोय पण पगार निवडला की एरर

वडगावचा_माग:
आमच्या घरात ४ पॉवरलूम हायत, साड्यांच्या मजुरीचा हिशोब बाबा वहीत ठेवत्यात तो मी पायथनमध्ये करायलोय. एकाच फाइलीत ६०० ओळी झाल्या, काय शोधायचं म्हटलं की डोस्कं उठायलं, म्हणून पगार काढायचं फंक्शन मजुरी.पीवाय मध्ये हलवलं आणि हिशोब.पीवाय मध्ये वरती ती फाइल आत घ्यायला इंपोर्ट मजुरी लिहिलं. पण साडीचे दर हिशोबमध्येच हायत, मग मजुरीच्या वरती इंपोर्ट हिशोब पण टाकलं. आता मेनू येतोय, पगार निवडला की 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल' असलं कायतरी येऊन बंद. फंक्शन तर फाइलीत समोर दिसतंय की!

खानापूरकर:
एररची ओळ शेवटपर्यंत वाचलास काय? कंसात सर्क्युलर इंपोर्ट लिहिलेलं असणार बघ, म्हणजे दोन फाइली एकमेकीला इंपोर्ट करत्यात.

निपाणी_७:
भावा, इंपोर्ट केलं की ती फाइल वरून खाली चालते. तू हिशोब चालवलास, त्यानं मजुरी उघडली, मजुरीची पहिलीच ओळ म्हणती हिशोब आण. तू चालवलेली फाइल पायथनकडं 'मेन' नावानं नोंद असती, हिशोब नावाचं काय आलेलंच नाही असं त्याला वाटतंय, म्हणून तीच फाइल परत पहिल्यापासून चालवतंय. तुला दिसतोय तो मेनू ह्या दुसऱ्या फेरीतला! आणि मजुरी अजून पहिल्या ओळीवरच अडकलीय, खालचं डेफ, म्हणजे फंक्शन जिथं लिहिलंय ते, वाचलेलंच नाही, मग फंक्शन कुठनं मिळणार.
मजुरीतलं इंपोर्ट हिशोब काढ. दर फंक्शनलाच दे, पगार_काढ(साड्या, दर) असं. मेनू पण एका फंक्शनात घाल आणि खाली इफ नेम मेन वाली ओळ (फाइल थेट चालवली तरच पुढचं चालवणारी) लिहून तिथनं बोलव, म्हणजे कुणी हिशोब इंपोर्ट केलं तर मेनू उगाच उघडणार नाही.

खानापूरकर:
मी तर दर.पीवाय वेगळी केली असती, दोघांनी तिथनं घ्यायचं. फक्त फाइलीला सीएसव्ही, रँडम असली पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलची नावं देऊ नको, पायथन स्वतःचं सोडून तुझीच फाइल उचलतंय. माझा एक अख्खा रविवार गेलाय त्यात.

निपाणी_७:
दर डिझाइनप्रमाणं बदलत असणार ओ, आर्ग्युमेंटच, म्हणजे फंक्शनला कंसात दिलेलं, बरं. ६०० ओळींना किती फाइली करणार?

वडगावचा_माग:
चाललं! आर्ग्युमेंटच दिलं. बाबांना दाखवलं तर म्हणाले, उचल कुठं वजा केलास? ती मजुरीतच घालू का?

निपाणी_७:
मजुरीतच, पण वेगळं फंक्शन कर. पगार_काढ मध्ये कोंबू नको.