हार्मोनिकचं पातं: आता सुधारणा नेमकी कशात हवी?

बायोमेड नाशिककर
दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हार्मोनिक, म्हणजे कंपनाने कापणारं आणि रक्त थांबवणारं हत्यार, आता रोजचं झालंय. हँडपीसमधल्या (मुठीतल्या) पिझो चकत्यांमुळे, म्हणजे वीज दिली की थरथरणाऱ्या चकत्यांमुळे, टायटॅनियमचं पातं सेकंदाला सुमारे 55,500 वेळा पुढेमागे होतं, तेही फक्त 50 ते 100 मायक्रॉन. त्या घर्षणाने प्रथिनं गोठतात, रक्तवाहिनी चिकटून बंद होते आणि मग कापली जाते. रुग्णाच्या अंगातून वीज जात नाही, कॉटरीपेक्षा (विजेने जाळून कापण्यापेक्षा) धूरही कमी.

पण पेडल सोडलं तरी पातं तापलेलंच राहतं. सलग चालवलं तर 200 अंशांच्याही वर जातं. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस अगदी मिलिमीटरांवर असते, तिथे एवढी उष्णता म्हणजे खेळ नाही. कंपन्यांनी 5 मिमी जाडीची रक्तवाहिनी बंद करण्यावरून 7 मिमीपर्यंत मजल मारली, ते चांगलंच. आता मात्र तापमानाकडे बघा. माहिती जनरेटरकडे, म्हणजे हँडपीसला वीज देणाऱ्या यंत्राकडे, आहेच. टायटॅनियम तापलं की पात्याची अनुनाद वारंवारता (ज्या वेगाने ते सहज थरथरतं तो वेग) खाली सरकते, आणि ती ओळखून नवे जनरेटर ताकद आपोआप कमी करतात. मग 'पातं अजून गरम आहे' हे सर्जनला लाल दिवा लावून का दाखवत नाहीत?

लॅप सर्जन
साफ असहमत. माझी नजर मॉनिटरवर असते, हँडपीसवरचा दिवा मी कधी बघणार? आणखी एक बीप म्हणाल, तर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आधीच बीपचा गोंगाट आहे. चालतं पातं कायम वर आणि नजरेसमोर ठेवायचं, नसेच्या बाजूला पात्यासमोरचा, न थरथरणारा टेफ्लॉनचा जबडा ठेवायचा, थोडंथोडं चालवायचं. हे रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) पहिल्या दिवसापासून शिकवावं लागतं, त्याला यंत्राचा पर्याय नाही.

मला हवंय ते टोक. नाजूक, वाकडं, मेरीलँड चिमट्यासारखं. आज टिश्यू सोडवायला मेरीलँड, कापायला हार्मोनिक, अशी अदलाबदल चालू असते. ऐन रक्तस्रावात ती फार महागात पडते.

बायोमेड नाशिककर
सर, टोक वाकवलं की पातं आडवंही थरथरू लागतं. तो तोल सावरायला पात्यात मुद्दाम खाचा काढाव्या लागतात, आणि खाच म्हणजे तडा जायची जागा. शिवाय या वारंवारतेला टायटॅनियममध्ये अर्धी तरंगलांबी साधारण साडेचार सेंटिमीटर. टोकाला कंपन सगळ्यात जास्त, मागे जाल तसं घटत शून्यावर. म्हणून कामाचा भाग जेमतेम दीड सेंटिमीटर. बारीक टोक करता येईल, हवं तेवढं वाकडं नाही. आणि दिव्याचं म्हणाल तर खूण मॉनिटरच्या कोपऱ्यातच द्यावी, तुमची नजर आहे तिथेच.

लॅप सर्जन
मॉनिटरवर दिली तर विचार करीन. पण वारंवारता अख्ख्या दांड्याची सरासरी सांगते, टोकाचं तापमान नाही. खूण गेली म्हणून नवशिक्याने पातं आतड्याला टेकवलं तर? खोटा धीर देणारी खूण नसलेली बरी.

ओटी सिस्टर, सांगली
दोघांनाही विचारते, हे सगळं कोणत्या हॉस्पिटलसाठी? पाकिटावर 'एकदाच वापरा' छापलेलं असतं, आणि छोट्या हॉस्पिटलांत तेच ईटीओ करून (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करून) पुन्हा टेबलावर येतं. पेशंटला परवडत नाही म्हणून. जबड्यातली पांढरी टेफ्लॉनची पट्टी जवळून बघा. आधी तिला चर पडतो, मग ती काळपट होते, शेवटी पातं खालच्या धातूला घासतं. बाहेरच्या नळीत सुकलेलं रक्त आमच्या ब्रशने निघत नाही. पट्टी बदलता यावी, नळी उघडून धुता यावी. माझ्या मते पहिली सुधारणा ही.

बायोमेड नाशिककर
ताई, नळीच्या आत दांड्यावर सिलिकॉनच्या रिंगा असतात, जिथे कंपन शून्य असतं नेमक्या त्याच जागी. उघडझाप करताना त्या सरकल्या तर नळीच तापेल. आणि रक्तवाहिनीवर लावलेल्या धातूच्या क्लिपला किंवा स्टेपलरच्या पिनेला चालतं पातं एकदा लागलं की बारीक तडा जातो, तो डोळ्यांना दिसत नाही. पुन्हा वापराला मी म्हणूनच घाबरतो.

ओटी सिस्टर, सांगली
वापर थांबत नाहीये, तुम्ही घाबरलात तरी. पातं टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) टक्‌ आवाज येईपर्यंत आवळायचं, हे आम्ही शिकलोच ना? रिंगाही जागेवर बसवायला शिकू. तडा ओळखायचा तर जनरेटरला सुरुवातीच्या चाचणीतच कळू दे, नि त्याने असं पातं चालूच करू नये.

लॅप सर्जन
सिस्टरांची ही मागणी मला लाल दिव्यापेक्षा महत्त्वाची वाटते. फक्त किती वेळा वापरायचं याची मर्यादा हँडपीसमध्येच नोंदलेली हवी. ती हॉस्पिटलच्या मर्जीवर सोडायला माझी तयारी नाही.