युगांडात १२ दिवसांची मिशन सेवा: शिबिराची औषधं इथून न्यायची का?

युवकसंघ_नगर
सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीतले ९ जण ऑगस्टमध्ये १२ दिवस युगांडात सेवेला चाललेत. कंपालापासून तीन तासांवरच्या खेड्यातली मंडळी यजमान आहे. दोन डॉक्टर, एक नर्स, बाकी युवक संघाचे. तीन दिवस वैद्यकीय शिबिर, दोन दिवस शाळेत मुलांचे कार्यक्रम, रविवारी उपासना. लसी आणि मलेरियाच्या गोळ्या कधीपासून? आणि औषधांच्या चार बॅगा इथून नेल्या तर चालेल का?

प्रवास_दवाखाना
आधी यलो फीव्हर. ही लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, तीही ठरलेल्या वारी, कारण एक कुपी फोडली की ती काही तासांत संपवावी लागते. म्हणून नऊ जणांची वेळ एकदमच घ्या. मूळ पासपोर्ट न्या आणि लसीचा दाखला म्हणून मिळणाऱ्या पिवळ्या कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तिथेच बघा. कार्ड लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. युगांडात शिरताना ते मागतातच. पण खरी गोची परतताना होते. वैध कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये जावं लागतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

मलेरियासाठी क्लोरोक्विन नको, तिथल्या मलेरियावर ते चालत नाही. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ रोज एक: निघण्याआधी २ दिवस, तिथले १२ आणि परतल्यावर २८, म्हणजे माणशी ४२ कॅप्सूल. लोक चुकतात ते शेवटच्या २८ दिवसांत, घरी पोचलो की संपलं असं वाटतं म्हणून. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका भाजते. उन्हाने कातडी लाल होते, टोपी लागेल. गरोदर बाईला हे औषध चालत नाही. दुसरा पर्याय ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, ते परतल्यावर ७ दिवसच घ्यावं लागतं, पण महाग पडतं. व्हिक्टोरिया सरोवरात पोहू नका. बिलहार्झिया या कृमीरोगाचे जंतू कातडीतून शिरतात.

शिबिर_फार्मासिस्ट
चार बॅगा नका नेऊ. औषधं आत न्यायला तिथल्या नॅशनल ड्रग अथॉरिटीची आधी परवानगी लागते, नाहीतर एंटेबे विमानतळावरच माल अडकतो. दान म्हणून नेलेल्या औषधांची मुदत पोचताना किमान वर्षभर शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यामुळे ‘उरलेली सॅम्पलं’ बाद. यादी यजमानांना पाठवा आणि कंपालातच घाऊक खरेदी करा. (तिथल्या दुकानांत भारतात बनलेली औषधं भरपूर दिसतील, मग इथून वाहून न्यायचं कशाला?) दोन्ही डॉक्टरांची तिथल्या वैद्यकीय कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी लागेल, नर्सची वेगळी. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना यजमानांनी आधी पत्र द्यावं.

इथून न्यायचं ते वाचनाचे चष्मे, +१.०० ते +३.००. मधले नंबर जास्त घ्या. बीपीचं यंत्र दोन, कफ लहान-मोठे दोन्ही, सेल जास्तीचे. तिथले प्लग जाड तीन चौकोनी पिनांचे, आपले बसत नाहीत, ॲडॉप्टर घ्या.

आता गर्दीचं. रुग्णाला ५ मिनिटं धरली तर दोन डॉक्टर सहा तासांत १४४ रुग्ण बघतात. टोकन १२०च वाटा. उरलेला वेळ दुभाष्यातच जातो. औषधाच्या पाकिटावर सूर्य-चंद्राची चित्रं काढा. प्रत्येक तापाला मलेरियाची गोळी देऊ नका, आधी रॅपिड टेस्ट. पॉझिटिव्ह आला तर ३५ किलोवरच्या माणसाला आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन एका वेळी ४ गोळ्या, दिवसातून दोनदा, ३ दिवस, एकूण २४, त्याही काहीतरी खाऊन. पहिल्या दिवशी बरं वाटलं की लोक उरलेल्या घरात ठेवून देतात. तेव्हा दुभाष्याकडून तीनदा सांगून घ्या.

प्रार्थनेची जागा औषधाच्या खिडकीनंतर आणि बाजूला ठेवा. ज्याला हवं तो जाईल. प्रार्थना केल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत, असं कुणाला वाटता कामा नये.

उपदेश_आणि_हिशेब
प्रवचन इंग्रजीतून द्याल, दुभाषी लुगांडा या तिथल्या भाषेत नेईल, म्हणजे २० मिनिटांचं ४० होतं. १५चंच तयार करा, वाक्यं तोकडी ठेवा. ‘काखेत कळसा’ वगैरे म्हणी इथेच ठेवा. शास्त्रवचनं दोन दिवस आधी दुभाष्याला द्या. बायकांनी उपासनेला गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट किंवा साडी नेसावी, खेड्यात पँट खटकते. मुलांचे फोटो शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय व्हॉट्सॲपवर नकोत.

पैसे: माणशी ३,००० डॉलरपर्यंतच रोख नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर. नोटा नव्या, न दुमडलेल्या, शंभराच्या घ्या. जुन्या आणि छोट्या नोटांना भाव कमी मिळतो. बोडा-बोडावर, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवर, कुणी बसायचं नाही. ऑगस्टसाठी यजमानांकडून गाडी आधीच ठरवा.

युवकसंघ_नगर
मनापासून आभार. बीपी आणि साखरेचे रुग्ण आले तर? महिन्याच्या गोळ्या देऊ का?

शिबिर_फार्मासिस्ट
दादा, नको. महिन्याने गोळ्या संपतात आणि बीपी पुन्हा चढतो, शिवाय रुग्णाला वाटतं की आपण बरे झालो होतो. चिठ्ठीवर बीपीचा आकडा लिहून जवळच्या हेल्थ सेंटरला पाठवा. तिथे केंद्रांना दर्जे आहेत: दोन, तीन, चार. चारमध्ये डॉक्टर असतो. कुठलं केंद्र जवळ आहे आणि तिथे बीपीच्या गोळ्या नियमित मिळतात का, हे यजमानांना आत्ताच विचारून घ्या. तिथे गोळ्या नसतील तर बीपीचं टेबल मांडूच नका.