अनुभव धागा: एडीयू असलेलं घर घ्यावं की अंगणात नवं बांधावं?

आई-बाबा दरवर्षी काही महिने अमेरिकेत आमच्याकडे येतात. त्यांना स्वतःचं दार, स्वतःची चहाची शेगडी असावी असं फार वाटतं. आता दोनच वाटा दिसतात: एडीयू (मुख्य घराच्याच आवारातलं, स्वतःचं दार आणि स्वयंपाकघर असलेलं छोटं घर) असलेलं घर बघायचं, नाहीतर आहे त्याच घरामागे बांधायचं. दोन्हीकडच्यांनी मोकळेपणाने लिहा. काय छान झालं यापेक्षा काम कुठे अडलं ते वाचायला जास्त आवडेल.

फ्रीमाँटहून
आम्ही तयार घेतलं. आधी आवडलेल्या घराच्या जाहिरातीत 'इन-लॉ युनिट', म्हणजे आई-वडिलांसाठीचं वेगळं छोटं घर, असं लिहिलं होतं, पण शहराच्या नोंदीत त्या जागी अजून गॅरेजच होतं. ते घर सोडून दिलं. २०२० च्या आधी विनापरवाना बांधलेली युनिट्स नियमित करून घेणं कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून सोपं झालंय. आरोग्याला किंवा सुरक्षेला धोका असेल तरच शहर नकार देऊ शकतं. पण दुरुस्तीचा खर्च येतो तो नव्या मालकावर. म्हणून ऑफर देण्याआधी परमिट आणि फायनल इन्स्पेक्शनची नोंद स्वतः बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. बाकी सुख आहे. एकच कर्ज, एकच हप्ता, आणि किल्ली मिळाली त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या. पुढे भाड्याने द्यायचं असेल तर एफएचए (सरकारी विमा असलेल्या) गृहकर्जात तयार एडीयूच्या अंदाजित भाड्याचा ७५ टक्के भाग उत्पन्नात धरता येतो.

सॅन होजेहून
वरच्या ताईंचं पटतं, पण आमचं गणित वेगळं होतं. आमच्या घराचं कर्ज २०२१ च्या व्याजदराचं, तीन टक्क्यांच्याही खाली. घर बदललं असतं तर तो दर गेला असता आणि प्रॉपर्टी टॅक्सही नव्या किमतीवर बसला असता. प्रॉप १३ या कॅलिफोर्नियाच्या मालमत्ता कराच्या कायद्यामुळे जुन्या घराचं करमूल्य वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढतं. एडीयू बांधल्यावर फक्त नव्या बांधकामाचं मूल्य त्यात मिळवतात, जुन्या घराला हात लावत नाहीत. माझ्या मते कॅलिफोर्नियात जुनं घर हातात असलेल्यांसाठी हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि तो बोलण्यात फार कमी येतो.

आकार मुद्दाम ७५० चौरस फुटांच्या आत ठेवला, म्हणजे इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामामुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारासाठीचं शुल्क) लागत नाही. बाजूला आणि मागे चार फूट सोडले की पुरतं. अर्ज पूर्ण असेल तर शहराने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आमचा नकाशा दुरुस्तीसाठी परत आला आणि दुरुस्त अर्जासाठी दिवसांची मोजणी नव्याने सुरू झाली, हे आधी ठाऊक असलेलं बरं.

खरा पैसा गेला जमिनीखाली. सीवरची (सांडपाण्याची) लाइन रस्त्यापर्यंत नेण्यासाठी खोदकाम, विजेचं पॅनेल १०० वरून २०० अँपियर, आणि स्वतंत्र नव्या एडीयूला सोलर बंधनकारक. कॉन्ट्रॅक्टर 'चौरस फुटाला इतके' असं सांगतो तेव्हा यातलं काय धरलंय ते लिहून घ्या. बाथरूमला उंबरठा ठेवला नाही, दार व्हीलचेअर जाईल एवढं रुंद केलं. बाबांचे गुडघे बघून केलेली ही सोय तयार घरात आम्हाला कुठेच दिसली नव्हती.

सनीव्हेलहून
जागा कमी असेल तर ज्युनियर एडीयूचाही विचार करा. घरातल्याच भागात, ५०० चौरस फुटांपर्यंत, वेगळं दार आणि स्वयंपाकाचा छोटा ओटा. आमची एक बेडरूम गेली, पण अंगण शाबूत राहिलं.

बॉस्टनजवळून
मॅसॅच्युसेट्समध्ये २ फेब्रुवारी २०२५ पासून एका कुटुंबाच्या घरांच्या झोनमध्ये एडीयू हक्काने बांधता येतो. कमाल ९०० चौरस फूट किंवा मूळ घराच्या निम्मा, जे कमी असेल ते. आम्ही आनंदाने नकाशा काढायला घेतला आणि सेप्टिकपाशी थांबलो. टायटल ५ या राज्याच्या सेप्टिकविषयीच्या नियमात सेप्टिकची क्षमता बेडरूमवर मोजतात, दर बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन. आमची टाकी आहे त्या बेडरूमपुरतीच होती. नवी सिस्टिम धरली तर हिशोब पार बदलतो, म्हणून आता शहराच्या सीवरवर असलेली, एडीयूसकट घरं बघतोय. सेप्टिक वाढवून बांधलेलं कुणी इथे असेल तर माती परीक्षणापासूनचा खर्च नक्की लिहा.