‘लफडं’, ‘प्रकरण’ की नुसतं ‘आपलं हे’?

प्रश्न : कथा लिहितोय. सोलापुरातली दोघं, चाळिशीतली. दोघांचीही लग्नं झालेली, पण एकमेकांशी नाही. विजापूर रोडवरच्या एका फ्लॅटवर दुपारी भेटतात. त्याच्या मिठीत असतानाच ती विचारते, “आपलं हे ____ कुठवर चालायचं?” रिकाम्या जागी ‘प्रेमप्रकरण’ चालेल?

– नको. ‘प्रेमप्रकरण’ बातमीत असतं, आणि तिथे ते सहसा पोलीस ठाण्याच्या हद्दीसकट येतं. ‘लफडं’, ‘भानगड’, ‘झेंगट’ शेजाऱ्यांचे. ‘अनैतिक संबंध’ म्हटलं की पुढे ‘संशयावरून’ आलंच. ‘व्यभिचार’ कोर्टातला, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं कलम 497 रद्द केलं, तरी शब्दाचा वास काही गेला नाही. ही सगळी नावं बाहेरून खिडकीत डोकावणाऱ्यांनी ठेवलेली. आतली दोघं नाव घेतच नाहीत. रिकामी जागाच काढून टाका : “आपलं हे कुठवर चालायचं?”

मी असतो तर सर्वनामांवर जास्त मेहनत घेतली असती. चारचौघांत ती त्याला ‘सर’ म्हणणार, अहोजाहो करणार; दार लागलं की ‘तू’. बोलणं ‘आपण’वरून ‘तुझी बायको’, ‘माझी मुलं’ यांवर आलं, की मिठी तशीच असली तरी वाचकाला कळतं. आणि अंगावरचा हात बाजूला करत ती “तुम्ही जावा आता” म्हणाली (‘जा’ नव्हे, आपल्याकडचं ‘जावा’), तर त्यापुढे भांडण लिहायची गरजच नाही.

– ‘सूत जुळणं’ कसं वाटतं? मागांचं गाव आहे.

– तेही तिसराच म्हणतो, आणि फक्त सुरुवातीला. शिवाय सोलापूरच्या कथेत धागा तुटल्याशिवाय कुणाचं प्रेम तुटतच नाही, त्याचा कंटाळा आलाय. ‘गाठ’ बघा. “आपली गाठ पडायलाच नको होती.” भेट होणं आणि बांधलं जाणं, दोन्ही आलं.

– नायिकाभेदात, म्हणजे जुन्या काव्यशास्त्रातल्या नायिकांच्या प्रकारांत, ‘कलहांतरिता’ आहे ना?

– ती प्रियकराला भांडून घालवते आणि मग पस्तावते. ही अजून त्याच्या कुशीत आहे. शाहीर राम जोशी सोलापूरचे खरे, पण लावणीतलं ‘सख्या’ही फ्लॅटमध्ये हसू आणेल.

– मूळ प्रश्नकर्ता : तो पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा केला तर?

– मग ‘आपण’ला अडणार नाही. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’; तसंच तेलुगूतही धरून ‘मनम्’, वगळून ‘मेमु’. त्यापेक्षा अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा करा. कन्नडमध्ये दोन्हींना एकच ‘नावु’. तो लाडात येऊन चुकून म्हणेल, “पुढच्या महिन्यात आम्ही तुळजापूरला जाऊ की.” आणि ती उठून बसेल : “आम्ही म्हणजे कोण? तू आणि ती?”