ऊसतोड बायकांच्या पिशव्या निघतात, दोष कुणाचा?

माजलगावकर:
परवा एका लग्नात चांगला शिकलेला माणूस म्हणाला की बीडच्या ऊसतोड बायका अडाणी आहेत म्हणून गर्भाशयाची पिशवी काढून घेतात. डोकं फिरलं, म्हणून धागा काढतोय. २०१९ ला सरकारने नेमलेल्या, आमदार नीलम गोऱ्हेंच्या समितीसमोर जो सर्व्हे आला त्यात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात सोळा-सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचं प्रमाण शंभरात तीनसुद्धा नव्हतं. आमच्या बाया बाकीच्या खेड्यांतल्या बायांपेक्षा वेगळ्या नाहीत, वेगळं आहे ते काम. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे नवऱ्याच्या हातात, एक दिवस उसाच्या फडावर गेलं नाही की खाडा, त्याचे पाचशे-हजार कापून घेतात. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून बाई कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, बसली तर उचल फिटणार कशी? हा आजार फडातला आहे, दवाखान्याला शिव्या देऊन तो जाणार नाही.

सरळमार्गी:
अजिबात पटलं नाही. परिस्थिती परिस्थिती करून तुम्ही गुन्हेगाराला सोडताय. गरिबी मेळघाटात नाही का, नंदुरबारात नाही का? तिथे इतक्या पिशव्या निघाल्याचं कधी ऐकलं नाही. बीडमध्ये निघाल्या कारण तिथे सोनोग्राफी करून 'सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' अशी भीती घालणारे खाजगी डॉक्टर बसलेत. २०१९ नंतर खाजगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली ना, मग? चाप लावला की थांबतं.

डॉ_स्त्रीरोग:
भीती घालणारे आहेत, माझ्याच व्यवसायातले आहेत, आणि त्यांचं लायसन जायलाच पाहिजे. पण सरळमार्गी, समोर बाई बसलेली असते तेव्हा काय होतं ते सांगते. पांढरं जाणं, दुखणं, ताप, बऱ्याचदा साधं इन्फेक्शन. कोर्स पूर्ण केला, नवऱ्यालाही औषध दिलं, थोडी विश्रांती मिळाली की बहुतेक जणी बऱ्या होतात. पण फडात ना संडास ना धुवायला पाणी, कापड नीट वाळत नाही, दोन महिन्यांत परत तेच. मग ती स्वतःच म्हणते, "मॅडम, एकदाच काढून टाका, सारखं यायला जमत नाही." पंचविशी-तिशीत पिशवी काढली, त्यात अंडाशयही काढलं, तर हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, आणि तीच बाई पुढच्या सीझनला मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. नुसता परवानगीचा कागद मागून तिची पाठ वाचत नाही.

रोखठोक_८२:
कुणी कुणाला जबरदस्तीने नेत नाही. उचल नको असेल तर घेऊ नका. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, सरकारने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ काढलं, अजून किती करायचं? स्वतःच्या शरीराची काळजी स्वतःच घ्यावी लागते.

कोयत्याची_लेक:
रोखठोक दादा, माझी आई सतरा वर्षांची होती लग्न झालं तेव्हा, कारण नवरा-बायकोची जोडी असल्याशिवाय मजूर नेणारा मुकादम कोयता धरत नाही. आमची जमीन कोरडवाहू, दिवाळीनंतर घरात दाणा नसायचा, उचल नको कुणाला म्हणणार? आईचं ऑपरेशन झालं त्याचे पैसेसुद्धा मुकादमाकडूनच घेतले, ते फेडायला ती टाके ओले असताना फडावर गेली, पहाटे चारला उठून भाकरी थापून. दर वाढला ते चांगलंच झालं पण पैसे कोयत्याच्या नावावर येतात, आईच्या हातात आजही वेगळा रुपया येत नाही. सोनोग्राफीला दीडशे रुपये मागायचे तरी वडलांकडे.

सरळमार्गी:
ताई, तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं. तरी मी म्हणेन की कायदा आधी डॉक्टरवर चालवा, तो पत्त्यावर सापडतो. हजारो कोप्यांवर संडास बांधायला दहा वर्षं जातील, तोवर पोरींच्या पिशव्या निघतच राहणार.

माजलगावकर:
पत्त्यावर कारखानासुद्धा सापडतो की! पण ऊस तोडणारा माणूस त्याच्या हजेरीपटावरच नाही, मध्ये मुकादम घातला की पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही, जबाबदारी नाही. मेळघाटाचं म्हणाल तर तिथे गरिबी कुपोषणातून पोरं नेते, इथे ती पिशवी नेते. डॉक्टरवर केस करा, माझा पाठिंबा आहे. त्याच दिवशी खाडा बंद करा, पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांचे पैसे कारखान्याने द्यावेत, आणि कोयत्यातला अर्धा हिस्सा बाईच्या खात्यात जमा करावा. याला दहा वर्षं कशाला लागतात? गाळपाच्या परवान्यातच अट घाला, येत्या हंगामापासून.

डॉ_स्त्रीरोग:
आणि फडावर आठवड्याला एकदा नर्स. औषधाचा कोर्स तिथेच पूर्ण झाला तर निम्म्या बाया माझ्याकडे येणारच नाहीत.