मदत हवी आहे: नवजात बाळाला श्वास देण्याचं ट्रेनिंग व्हीआर हेडसेटवर कोणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी,

मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींना शिकवते. त्याआधी 11 वर्षं लेबर रूममध्ये होते. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून आम्हाला 4 व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवले की आभासी प्रसंग दाखवणारे) मिळू शकतात. घ्यायचे की नाही, हे महिनाअखेरीला कळवायचंय आणि निर्णय माझ्यावर सोपवलाय.

जन्मणाऱ्या साधारण दहा बाळांपैकी एकाला पहिल्या श्वासासाठी मदत लागते. त्यातली बरीचशी कोरडं पुसून पाठ चोळली की रडतात. उरलेल्यांना पहिल्या मिनिटाच्या आत अँबू बॅग (हाताने दाबून हवा देण्याची पिशवी) आणि मास्कने श्वास द्यावा लागतो. छातीवर दाब आणि औषधं फारच थोड्यांना. म्हणजे लेबर रूमच्या पोस्टिंगमध्ये मुलीच्या हातात बॅग येण्याची वेळ एकदाही येत नाही, आणि नोकरीला लागल्यावर एखाद्या रात्री ती एकटी असताना येते.

माझ्या ड्यूटीवर असं झालंय. बाळ निपचित, नवी सिस्टर बॅग दाबतेय, ताल बरोबर, पण छाती हलतच नव्हती. मास्क गालापाशी सुटत होता. मान जरा सरळ केली, मास्क पुन्हा बसवला, तेव्हा कुठे छाती उचलली आणि ठोके वाढले. बाळ वाचलं. त्या सिस्टरला सगळ्या पायऱ्या तोंडपाठ होत्या, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून डेमोच्या वेळी मी हेच बघत होते. तिथे हातातल्या कंट्रोलरचं बटण दाबलं की श्वास जातो आणि छाती दर वेळी उचलते. मास्क सुटतच नाही! आमच्याकडच्या सरावाच्या, पाणी भरायच्या बाहुलीचं वजन खऱ्या बाळासारखं लागतं आणि मास्क सैल असेल तर तिची छाती ढिम्म राहते. ही जाणीव हेडसेटमध्ये कुठून आणायची?

पण दुसरी बाजूही आहे. बाळ शी केलेल्या पाण्यात जन्मलेलं, घड्याळ पळतंय, आई ओरडतेय. हेडसेटमधल्या अशा प्रसंगात वर्गात धडाधड उत्तरं देणाऱ्या दोन मुली सक्शनच (नळीने घाण ओढून काढणं) करत बसल्या. माझाही हात जुन्या सवयीने आधी तिकडेच गेला. सुस्त बाळाच्या श्वासनळीत सरसकट नळी घालून सक्शन करायचं नाही, श्वास द्यायला उशीर करायचा नाही, हे मीच शिकवते. घाईत सुचेल ते नेमकं काय, हे बाहुलीसमोर इतकं उघडं पडत नाही.

केनिया आणि नायजेरियात परिचारिकांसाठी असंच व्हीआर वापरलंय, तेही साध्या खोक्यात मोबाइल बसवून. त्याचा पाया 2010 पासूनचा ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ कार्यक्रम, ज्यात पहिल्या ‘गोल्डन मिनिटा’वरच भर आहे. मोबाइलवर भागत असेल तर 60 मुलींसाठी 4 महागडे हेडसेट कशाला, असंही वाटतं.

ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सांगा: आधी बाहुली की आधी हेडसेट? चष्मा असलेल्यांना किंवा चक्कर येणाऱ्यांना जमतं का? सूचना मराठीत घालून मिळतात का? आमच्या मुलींना इंग्रजी कळतं, पण घाईत मराठीच कानात शिरतं.

प्रतिसाद

ताई, आम्ही बालरोग विभागात इंटर्न्सना व्हीआर देतो. आधी बाहुलीच. मास्क बसवता येऊन छाती हलते हे दिसेपर्यंत हेडसेट हातात देत नाही. हेडसेटवर 10 मिनिटांच्या वर ठेवू नका, खुर्चीत बसवूनच करा, चक्कर कमी येते. झाल्यावर लगेच विचारा, “कुठे थांबलीस, का थांबलीस?” खरं शिकणं त्या बोलण्यात होतं. आमचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच आहे, त्यामुळे मी शेजारी उभा राहून मराठीत बोलतो.

धागाकर्ती

मनापासून आभार, सर. मग मी 2 हेडसेट आणि उरलेल्या पैशात बाहुल्या व जादा मास्क मागते. एकच विचारायचं राहिलं: मुदतीआधीच्या लहान बाळांसाठी 0 नंबरचा मास्क बसेल अशी बाहुली कुणी वापरली आहे का?